सगळ्यांत बारीक धागा आधी का तुटला? क्युबातील मज्जातंतूंच्या साथीचा प्रकरण अभ्यास

बाहुली मोठी करण्याच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लाल असतं. आमच्या ओपीडीत त्या झाकणाचा आणखी एक उपयोग होतो. रुग्णाला एक डोळा झाकायला सांगायचं, झाकण नजरेसमोर मधोमध धरायचं आणि विचारायचं, "मामा, रंग कुठला?" त्या दिवशी समोर बसलेले गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे. दिवसाला दीड-दोन बंडलं विडी, संध्याकाळी हातभट्टी आणि जेवण नावापुरतं. म्हणाले, "मळकट दिसतंय, विटकरी म्हणा." झाकण हळूच कानाच्या बाजूला सरकवलं, तशी मान हलवून म्हणाले, "आता लाल हाय की!" मोतीबिंदू नव्हता, चष्म्याने फरक पडत नव्हता, डोळ्याचा पडदा वरवर नीट होता. दुखणं-खुपणं काही नाही. दोन्ही डोळ्यांची मधली नजर तेवढी सारखीच उतरलेली. समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, पण त्याच्या बाजूचा दरवाजा स्पष्ट दिसतो.

असा रुग्ण आला की मला क्युबा आठवतो. तिथे असे रुग्ण एकटेदुकटे नव्हते. जानेवारी १९९२ ते जानेवारी १९९४ या दोन वर्षांत तिथे ५०,८६२ जणांची नोंद झाली, आणि देशाची लोकसंख्या होती जेमतेम १ कोटी १० लाख. मज्जातंतू कसा मरतो आणि त्यात मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांचा, हात किती, हे समजून घ्यायला या साथीइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं माहीत नाही.

पिनार देल रिओ

सुरुवात झाली १९९१ च्या अखेरीस, बेटाच्या पश्चिम टोकाच्या पिनार देल रिओ प्रांतात. हा तंबाखूचा मुलूख. हवाना सिगारचं नावाजलेलं पान इथल्याच व्हुएल्ता अबाहो भागात पिकतं. आधी आले ते बहुतेक पुरुष, बरेचसे सिगार-सिगारेट ओढणारे. तक्रारी ठरावीक: वाचता येत नाही, मधोमध धूसर डाग दिसतो, रंग फिके पडलेत, उजेड सहन होत नाही. वजन घटलेलं, अंगात त्राण नाही.

१९९३ उजाडेपर्यंत साथ बेटभर पसरली आणि तिचं दुसरं रूप पुढे आलं. तळपायांची आग, मुंग्या, पावलाखालची जमीन नीट न कळणं, चालताना झोक जाणं. काहींना कमी ऐकू येऊ लागलं, काहींना वारंवार लघवीला जावं लागू लागलं. एकूण रुग्णांपैकी २६,४४६ जणांना मुख्यतः डोळ्यांचा त्रास होता आणि २४,४१६ जणांना हातापायांचा. डोळ्यांचं रूप पुरुषांत जास्त, पायांचं बायकांत जास्त.

मागची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक होती. सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि धान्य येणं थांबलं, अमेरिकेची नाकेबंदी १९९२ मध्ये आणखी आवळली गेली. सरकारने या दिवसांना 'विशेष काळ' असं नाव दिलं. बस बंद पडल्या, लोक सायकलवर आले. म्हणजे अंगमेहनत वाढली आणि ताटातलं अन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं. मांस, दूध, अंडी दिसेनाशी झाली. देश उसाचा, त्यामुळे साखर तेवढी उरली. पोट साखर-भातावर भरायचं आणि दुकानात रम मिळेना तेव्हा ती घरीच गाळायची.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून डोळ्यांत भरत होती. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं या आजारातून जवळपास सुटली होती. एरवी साथीत आधी हीच बळी पडतात. इथे रेशनवर जादा अन्न मिळत होतं ते नेमकं यांनाच.

संशय कुणाकुणावर

विषाणूचा संशय आला, आणि तो फाजील नव्हता. काही रुग्णांच्या पाठीच्या पाण्यातून कॉक्सॅकी ए-९ सारखा विषाणू क्युबाच्या शास्त्रज्ञांनी वेगळाही केला. पण आजार घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जात नव्हता, तपासण्यांत दाह दिसत नव्हता, आणि विषाणू रेशनकार्ड बघून माणूस निवडत नाही. कीटकनाशकांचा विचार झाला. आनुवंशिक दोषही तपासला गेला, त्याकडे पुढे येतो.

खरा उजेड पडला तो पिनार देल रिओतल्या एका साध्या तुलनेतून. क्युबाच्या आणि बाहेरच्या संशोधकांच्या पथकाने दृष्टी गंभीरपणे गेलेले १२३ रुग्ण घेतले, त्यांच्याच वयाची, त्याच भागातली धडधाकट माणसं घेतली आणि दोघांचं खाणं-पिणं, सवयी, रक्त शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान, त्यातही सिगार ओढणाऱ्यांना धोका जास्त. आहारात मेथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) आणि बी-१२, रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वं जास्त असणाऱ्यांना कमी. आणि ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या किंवा ज्यांचे नातेवाईक परदेशात होते, त्यांनाही धोका कमी!

कोंबड्यांच्या या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. अंगणात दोन कोंबड्या म्हणजे घरात अधूनमधून अंडं. एका अंड्यात गंधक असलेलं मेथिओनिन येतं, बी-१२ येतं, रायबोफ्लेविन येतं. एवढ्याशा गोष्टीवर एका माणसाची वाचायची नजर टिकली आणि शेजारच्याची गेली.

पण डॉक्टर म्हणून माझं समाधान इथे होत नाही. उपासमार सगळ्या शरीराची होते. हृदय चालू होतं, हातांत सायकल दामटायची ताकद होती, डोळ्यातल्या लाखो तंतूंपैकी कडेचे तंतूही शाबूत होते. मग मधल्या नजरेचा एक जुडगा आणि पायांकडे जाणारे लांब तंतू, एवढेच का गेले?

जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे

दृष्टीच्या नसेत सुमारे १२ लाख तंतू असतात. प्रत्येक तंतू म्हणजे पडद्यावरच्या एका पेशीची शेपटी. ती पडद्याच्या पृष्ठभागावरून सरपटत डोळ्याच्या मागच्या चकतीपर्यंत येते, तिथे वळते, एका चाळणीसारख्या जाळीच्या भोकांतून बाहेर पडते आणि मेंदूकडे जाते. मधल्या नजरेचे, म्हणजे वाचन, रंग आणि चेहरे ओळखणाऱ्या भागाचे तंतू सगळ्यांत बारीक, बरेचसे एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, कमी जाडीचे. मॅक्युलापासून, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागापासून, चकतीपर्यंत ते एका जुडग्याने येतात.

या तंतूंना जाळीच्या अलीकडे, डोळ्याच्या आत, मायलिनचं, म्हणजे तंतूभोवतीच्या चरबीयुक्त थराचं, आवरण नसतं. ते असून चालणारही नाही. मायलिन पांढरं असतं, आणि पडद्यावर पांढरे तंतू पसरले तर प्रकाश आत जाणार कसा? मायलिन सुरू होतं ते जाळी ओलांडल्यावर. आवरण असलेल्या तंतूत संदेश एका खाचेतून पुढच्या खाचेवर उडी मारत जातो, त्यामुळे सोडियम बाहेर ढकलणारे पंप मुख्यतः त्या खाचांपाशीच राबतात. आवरण नसलं की तंतूच्या सगळ्या लांबीभर पंप चालवावे लागतात. खर्च कितीतरी जास्त.

नसेचा उभा छेद घेऊन मायटोकॉन्ड्रियाचं एन्झाइम रंगवलं की हा खर्च डोळ्यांनी दिसतो. जाळीच्या अलीकडे गडद रंग, मायटोकॉन्ड्रियाची दाटी, जागोजागी त्यांच्यामुळे तंतू फुगीर झालेला. जाळी ओलांडली, मायलिन सुरू झालं, की रंग एकदम फिका. शाळेत तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र असं आपण पाठ केलेलं असतं. ही केंद्रं जिथे मागणी आहे तिथे जाऊन उभी राहतात, हे त्या एका छेदात स्पष्ट होतं.

आता बारीकपणाचा हिशोब. तंतूची जाडी निम्मी केली तर त्याचं कातडं, म्हणजे ज्यावर पंप बसतात तो पृष्ठभाग, निम्मं होतं. पण आतली जागा, जिथे मायटोकॉन्ड्रिया मावायचे, ती चौथाईवर येते. खर्च निम्मा आणि गिरणीला जागा पाव. बारीक तंतू असे कायम हातातोंडाशी गाठ घालून जगतात. एरवी निभतं, कारण प्रत्येक मायटोकॉन्ड्रियन पूर्ण ताकदीने चालतो. गिरणी जरा मंदावली की पहिली झळ यांनाच.

क्युबात ती दोन्हीकडून मंदावली. एकीकडे कच्चा माल कमी. थायमिनशिवाय, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाशिवाय, साखरेचं जळण मायटोकॉन्ड्रियात शिरतच नाही, आणि लोक तर साखरेवरच जगत होते, म्हणजे थायमिनची गरज उलट वाढलेली. रायबोफ्लेविन आणि नायसिनपासून इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू बनतात, तेही तुटपुंजे. दुसरीकडे, हे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देऊन ऊर्जा बनवणाऱ्या साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर, सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमवर, विषाचा बोळा बसलेला. तंबाखूच्या धुरात सायनाइड असतं आणि ते हे एन्झाइम अडवतं. शरीर त्याला निरुपद्रवी करतं, पण त्यासाठी गंधक लागतं, जे मेथिओनिनसारख्या अमिनो आम्लांतून येतं, आणि बी-१२ चं एक रूप सायनाइडला थेट पकडून ठेवतं. घरगुती रममध्ये थोडा मिथेनॉल असतो. त्याचं शरीरात फॉर्मेट होतं, तेही हेच एन्झाइम अडवतं, आणि फॉर्मेटचा निकाल लावायला फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व लागतं. पोटभर जेवणारा माणूस तेवढीच सिगार ओढून, तेवढीच रम पिऊन सुटतो. उपाशी माणसाकडे विष बाहेर काढायचं सामानच नसतं.

मिथेनॉल आणि फोलेटची ही जोडी जुळवली ती मे १९९३ मध्ये क्युबाला गेलेले अमेरिकेतले नेत्र-मज्जातज्ज्ञ अल्फ्रेडो सादून यांनी. पुढे १९९८ च्या लेखात त्यांनी हा आजार मायटोकॉन्ड्रियाच्या 'कमावलेल्या' बिघाडात, म्हणजे जन्मजात नसलेल्या बिघाडात, बसवला. त्यांच्या मांडणीतला मायटोकॉन्ड्रियाचा भाग मला पूर्ण पटतो. मिथेनॉलवरचा भर मात्र मी थोडा कमी धरतो. दारूला न शिवणाऱ्या, न ओढणाऱ्या बायकांचे तळपाय जळत होतेच. त्यांच्या बाबतीत नुसती जीवनसत्त्वांची उणीव आणि अंगमेहनत पुरेशी होती, असंच म्हणावं लागतं.

पायांचं कोडंही इथेच सुटतं. पायाच्या बोटाकडे जाणाऱ्या तंतूची पेशी कमरेच्या कण्यापाशी बसलेली असते. तंतू जवळपास मीटरभर लांब. त्यातल्या मायटोकॉन्ड्रियाचा मोठा भाग पेशीत तयार होतो आणि तिथून सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून पुढे नेला जातो. वेग सेकंदाला अर्धा मायक्रॉन धरला आणि वाटेत कुठेही न थांबता तो गेला, तरी मीटरभर जायला सुमारे २३ दिवस लागतात. प्रत्यक्षात तो थांबत थांबत जातो. शिवाय वाहतुकीलाही ऊर्जा लागते, म्हणजे ऊर्जा घटली की ऊर्जाकेंद्रं पोचवणारी गाडीही रखडते. तंतूच्या टोकाला नवा मायटोकॉन्ड्रियन मिळेपर्यंत जुना थकलेला असतो. म्हणून आग तळपायापासून सुरू होते आणि वर चढते.

आधीही हेच घडलं होतं

क्युबाला हे नवीन नव्हतं, याचं मला फार वाटतं. १८९८ मध्ये, अमेरिका-स्पेन युद्धातल्या नाकेबंदीत, दोमिंगो मादान या क्युबन नेत्रतज्ज्ञाने अशाच अंधत्वाचं वर्णन लिहून ठेवलं होतं. त्याच्या दहा वर्षं आधी शेजारच्या जमैकात स्ट्रॅचन या डॉक्टरांनी तळपायांची आग आणि अधू नजर एकत्र नोंदवली होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांतल्या युद्धकैद्यांना हेच झालं. त्यांच्यातल्या काही कॅनडियन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल मज्जातज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५५ मध्ये छापला: दृष्टीच्या नसेत मधला जुडगा झिजलेला आणि पाठीच्या कण्यात पायांकडून येणारे लांब तंतू झिजलेले. देश वेगळे, वर्षं वेगळी, जागा त्याच दोन.

आता आनुवंशिक दोषाचा धागा. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८७१ मध्ये तरुण मुलांची मधली नजर आठवड्या-महिन्यांत जाण्याचा एक आजार सांगितला होता. तो आईकडूनच येतो. १९८८ मध्ये डग्लस वॉलेस यांच्या गटाने त्याचं मूळ मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत शोधलं: ११७७८ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा बदल. त्याने साखळीचा पहिलाच टप्पा अधू होतो आणि त्यातही पहिला बळी जातो तो हाच जुडगा. क्युबातल्या रुग्णांत हे बदल शोधण्यात आले आणि साथीचं कारण ते नव्हे असं दिसून आलं. तरी लेबरच्या आजारातली एक गोष्ट इथे कामाची आहे. दोष घेऊन जन्मलेले सगळे आंधळे होत नाहीत, आणि जे ओढतात त्यांना धोका जास्त असतो. म्हणजे बाहेरून येणारा बिघाड आणि जन्माने आलेला बिघाड एकाच खात्यात जमा होतात.

गप्प तंतू आणि मेलेला तंतू

मार्च १९९३ नंतर क्युबाने जे केलं ते मला आजही मोठं वाटतं. कारणांवर एकमत होण्याची वाट न बघता सरकारने सगळ्या लोकसंख्येला, घरोघरी, जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटायला सुरुवात केली. रुग्णांना ब गटाची इंजेक्शनं आणि फोलेट. काही महिन्यांतच नव्या रुग्णांचा ओघ आटला आणि बहुतेकांची नजर बऱ्याच अंशी परत आली.

परत आली कशी, हा प्रश्न मज्जातंतूच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मेलेला तंतू दृष्टीच्या नसेत पुन्हा उगवत नाही. म्हणजे ज्यांची नजर परतली त्यांचे तंतू मेले नव्हते, गप्प झाले होते. ऊर्जा घटली की आधी संदेश थांबतो. तंतू जिवंत असतो, पण बोलत नाही. ही अवस्था आठवडे, कधी महिने टिकते.

त्यापुढचा टप्पा बराच काळ गूढ होता. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाची नस कापून दाखवलं होतं की पेशीपासून तुटलेला तंतू तुकडे तुकडे होऊन विरघळतो. सगळ्यांनी धरून चाललं की अन्नपाणी तुटलं म्हणून तो आपोआप मरतो. मग १९८९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये उंदरांची एक जात सापडली. तिचा कापलेला तंतू दोन दिवसांत मरायच्या ऐवजी दोन-तीन आठवडे टिकायचा. तंतूचं मरण ही स्वतंत्र, आतून चालवली जाणारी क्रिया आहे, हे तेव्हा उमगलं. आज त्या क्रियेचा खटका आपल्याला नावानिशी माहीत आहे: सार्म-१ नावाचं प्रथिन. ते चालू झालं की तंतूतला एनएडी, म्हणजे ऊर्जा बनवताना इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, फस्त करतं. एनएडी संपला की ऊर्जा संपते, कॅल्शियम आत घुसतो, प्रथिनं कापणारी एन्झाइम जागी होतात आणि आतला सांगाडा कोसळतो. मायटोकॉन्ड्रिया निकामी झाले तरी हाच खटका दाबला जातो, हे प्रयोगशाळेतल्या चेतापेशींत दिसलं आहे. आणि एनएडी शरीर बनवतं त्याचा एक कच्चा माल म्हणजे नायसिन, जो पिनार देल रिओच्या ताटातून गेला होता. क्युबाच्या रुग्णांत सार्म-१ कुणी मोजलं नाही, तेव्हा ते ठाऊकच नव्हतं. पण गप्प तंतू आणि मेलेला तंतू यांच्यामध्ये हा खटका असतो असं धरलं, तर उपचाराची घाई कशासाठी ते कळतं.

आपल्याकडे मिथेनॉलची ओळख वेगळ्या कारणाने झाली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीच्या दारूकांडात शंभरहून अधिक माणसं गेली. तिथे मिथेनॉलचा डोस एकदम मोठा होता, क्युबात थेंबाथेंबाने. पण फॉर्मेट बसतं त्याच एन्झाइमवर, आणि मिथेनॉलच्या विषबाधेत फोलेटच्या जातीचं औषध देतात ते याच हिशोबाने. या दोघांच्या मधे माझ्या ओपीडीतले मामा येतात. दारूकांडाच्या आकड्यांत ते कधी मोजले जाणार नाहीत, आणि साथीच्याही नाहीत.

त्यांना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, फोलेट आणि थायमिन दिलं. विडी-दारूबद्दल बायकोसमोर बसवून बोललो. मामी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी रोज एक अंडं उकडून दीन, बाकी तुम्ही बघा." रंगांच्या पुस्तकाचं पहिलं पान, ज्यावरचा १२ चा आकडा रंगांधळ्यालाही वाचता येतो, ते त्यांनी आधीही वाचलं होतं. पुढची सगळी पानं म्हणजे नुसते ठिपके होते. चार महिन्यांनी ते पुस्तक परत समोर ठेवलं. दुसरं पान वाचलं, तिसरं वाचलं, चौथ्यावर अडखळून वाचलं. पाचव्याशी बराच वेळ बसले. मग पुस्तक थोडं तिरकं धरलं, मान वळवून बाजूने बघायला लागले. मी दिवा लावून डोळ्याच्या मागची चकती पाहिली. कानाकडच्या बाजूला, जिथून मधल्या नजरेचा जुडगा आत शिरतो, एक पाचर पांढरी पडली होती.